चारशे सतरा, पुढं हो!

माधवनगर,
आश्विन वद्य पंचमी, १९४९

प्रिय नाथादादा,

तुझ्या मालाचा तुला नमस्कार. पत्र हातात पडल्यावर आधी घाबरू नकोस. आमच्याकडे सगळी धडधाकट आहेत. तुझ्या दाजींचा उजवा हात तेवढा नाही, पण ते तुला नव्यानं सांगायला नको. अक्षर माझंच आहे. चौथीनंतर माझी शाळा सुटली तरी तू मला धरून बसवायचास आणि पाटीवर गिरवून घ्यायचास. ते आज तुझ्यावरच उलटलंय असं समज. दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचं तर चार माणसांत तुझं नाव जाणार, म्हणून रोज गिरणीत जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं लिहितेय. मध्ये मध्ये शाई बदललेली दिसेल, कागदाला कुठं तेलाचं बोट लागलेलं दिसेल, तिकडं बघू नकोस. आणि वाचून झालं की सदऱ्याच्या खिशात घालून गप्प बसू नकोस. चंद्रावहिनीला मोठ्यानं वाचून दाखव. आईला हल्ली ऐकायला कमी येतं, तिच्यासाठी जरा आवाज चढव. आवाज चढवायला तुला कुणी शिकवायला नको.

मी आता इथल्या गिरणीत सुताच्या कांड्या भरते. सुरुवातीला बोटं कापायची, आता डोळे मिटून भरते. शेजारणी म्हणतात, माला बोलते जास्त का कांड्या भरते जास्त, ते कळत नाही. दाजी सकाळी शाळेत पोरांना कवायत शिकवतात. मास्तरांनी आपणहून बोलावलं. पगार म्हणावा असा नाही, पण रोज सकाळी दाढी करून, पट्टा आवळून घराबाहेर पडतात हेच मला पुष्कळ आहे. अंबू तीन वर्षांची झाली. तुझ्यावर गेलीय, एकदा नाही म्हणाली की नाहीच. आणि नवी बातमी म्हणजे आम्ही आता दक्षिण सातारकर झालो. संस्थानं गेली, जिल्हा नवा झाला, ते तू साताऱ्याला बसून माझ्याआधी ऐकलं असशील. पण एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. आपल्या जुन्या पोलीस चौकीखालच्या ओढ्यावर हद्दीचा दगड होता ना, अलीकडं इंग्रजांचा खालसा आणि पलीकडं संस्थान असं सांगणारा, तो आता बायकांनी आडवा पाडून घेतलाय. त्याच्यावर धुणं आपटतात. मागच्या महिन्यात मी मुद्दाम वाट वाकडी करून बघून आले. मी पण माझं एक पातळ त्याच्यावर चांगलं दणादणा आपटलं. लय बरं वाटलं, दादा.

तू हसला असशील. हसत जा रे. तू माझ्या लग्नात केवढा हसत होतास! हा मुलगा तूच आणलास. माझ्याबरोबरचा शिपाई आहे, सरळ आहे, खोटं बोलायला गेला तर अडखळतो, असं आईला सांगितलंस, आणि आईनं तेवढ्यावर पोरगी दिली. कान पिळायच्या वेळी तू दाजींचा कान असा पिळलास की दोन दिवस लाल होता. मांडवात सगळे म्हणाले, अहो नाथाजीराव, रीत आहे म्हणून पिळायचा असतो, उपटायचा नसतो. तू म्हणालास, माझी भन हाय, नीट संभाळा, न्हाईतर गाठ माझ्याशी हाय. दाजींनी तुला फेटा बांधला आणि दोघं मिळून जेवायला बसलात. मी तिकडून चोरून बघत होते. मला वाटलं, नवरा मिळाला तो मिळाला, माझ्या भावाला भाऊ मिळाला.

मग तुमची दोघांची नेमणूक एकाच चौकीत झाली आणि खरी गंमत सुरू झाली. घरी ते जावई, चौकीत तू हवालदार. घरी तू त्यांना पाट मांडून द्यायचास, मानसिंगराव जेवा, मानसिंगराव बसा, असं करायचास. चौकीत तेच मानसिंगराव तुझ्यापुढं टाच जुळवून उभे. तुला लाज वाटायची. म्हणून साधंसुधं काम असलं की तिथंही तू नावानंच हाक मारायचास, आणि खरोखर हुकूम द्यायचा झाला की मात्र बक्कल नंबर घ्यायचास. नंबर घेतला की नातं बाजूला. दाजी घरी येऊन तुझी नक्कल करायचे, छाती फुगवून, मिश्यांना पीळ देऊन, चारशे सतरा, पुढं हो! मी पोट धरून हसायची. ते म्हणायचे, नंबर कानावर पडला की माझे पाय मला विचारतच नाहीत, आपले आपण उचलतात. हे तू लक्षात ठेव. पुढं लागणार आहे.

आता त्या दिवसाचं लिहिते. तुझ्याच्यानं वाचवणार नाही, पण वाच. तेव्हा मी बाळंतपणाला आईजवळ होते, त्यामुळे मी जे ऐकलं ते सगळ्या जगानं ऐकलं तेच ऐकलं. वैशाखातली दुपार. ओढ्यापलीकडच्या पेठेत हातमागाची शेड पेटली. वर पत्रा, खाली बांबू आणि सुताचे गठ्ठे, मग काय विचारता. आत बायका कांड्या भरत होत्या. बायका सूत पळवतात म्हणून मालक दुपारच्याला बाहेरून लोखंडी कडी घालून जेवायला जायचा. पेठेत पुरुषमाणूस नव्हता, सगळे बाजाराला. चौकीत तुम्ही दोघंच, आणि बंदुका टाकून दोघांनी जायचं नाही हा नियम. ओढा संपला की परका मुलूख, वरून लेखी आल्याशिवाय तिथं पाऊल टाकायचं नाही हाही नियम. तुझे दाजी ओढा ओलांडून गेले. कडी तापून लाल झालेली. डोक्यावरचं पागोटं काढून हाताला गुंडाळलं, ते पेटलं, मग तसाच हात घातला आणि कडी ओढली. बायका बाहेर आल्या. एकही गेली नाही. हात मात्र तिथंच राहिला म्हणायचा. बोटं एकमेकांना चिकटली आणि तळव्यात वळली, ती अजून तशीच आहेत.

मिरजेच्या दवाखान्यात त्यांनी किती दिवस काढले ते तुलाही माहीत, कारण पहिले काही दिवस तू त्यांच्या उशाशी होतास. मी ओली बाळंतीण, आईनं मला सोडलं नाही. मी पोचले तेव्हा तू नुकताच निघून गेला होतास. नंतर कचेरीनं चौकशी केली. तू सांगितलंस, शिपाई स्वतःच्या मनानं गेला. दाजींनीही तेच सांगितलं. झालं! कामावर असताना जखम झाली असती तर जन्माचं पेन्शन होतं. पण हे पडले हद्दीबाहेर, परवानगीशिवाय, म्हणून कामावर नव्हते. शेरा मारला, हद्द व चौकी सोडून गेला. असा शेरा घेऊन माणूस घरी आला. गावात लोक काय म्हणायचे ठाऊक आहे? आवं, चौकी सोडून पळाला म्हणं मानसिंग. ज्या माणसानं आगीत हात घातला त्याला पळाला म्हणायचे. पैशांचं सोड, मी दोन हातांनी मिळवते आणि तिघांना पुरवते. पण त्या एका ओळीनं तुझे दाजी वाकले. रस्त्यानं पोलीस पार्टी जाताना दिसली की ते आत येऊन भिंतीकडं तोंड करून बसायचे. मी चूल फुंकत बसायची, दुसरं करणार काय?

आणि तू यायचा बंद झालास. पहिल्या दिवाळीला मला न्यायला मुराळी आला नाहीस, मी म्हटलं रजा मिळाली नसेल. भाऊबीजेला लुगडं आलं, टपालानं. कापडाच्या कंट्रोलच्या दिवसांत तू ते कुठून मिळवलंस देव जाणे. दुसऱ्या दिवाळीला लुगडं आलं, तिसऱ्याला आलं. भाऊ आला नाही. तिन्ही लुगडी मी घडी न मोडता ट्रंकेत ठेवलीत. भावाला ओवाळल्याशिवाय त्याचं लुगडं नेसायचं कसं? मला तेव्हा तुझा इतका राग यायचा, दादा, की ताटातला दिवा तशीच भिंतीला ओवाळायची आणि आत जाऊन रडायची. मला वाटायचं, दाजींचा हात गेला, नोकरी गेली, म्हणून माझा भाऊ लांब झाला. तुझ्याबद्दल असलं वाटून घेतलं. पण खरं कारण मला तेव्हा माहीत नव्हतं.

संस्थान गेलं तसं माझ्या डोक्यात आलं, आता कसली हद्द आणि कसला मुलूख? दाजींना विचारलं तर नको म्हणाले. मी ऐकते होय! मीच साताऱ्याच्या नव्या साहेबांना अर्ज लिहिला, मोठ्या अक्षरात, की साहेब, ज्या हद्दीपायी माझ्या मालकांचं पेन्शन गेलं त्या हद्दीवर आता बायका धुणं धुतात, एकदा येऊन बघा. श्रावणात बोलावणं आलं. आम्ही गेलो. तुझ्या घरावरून गेलो, पण दाजी थांबू देईनात. कचेरीत शिरताच दाजींनी सलाम ठोकला, डाव्या हातानं. तिथला कारकून खेकसला, ए, हा काय सलाम झाला? दाजींनी उजवा हात पुढं केला. कारकून पार ओशाळला, त्यानं खुर्ची दिली. घरी आमची अंबू पण डाव्या हातानंच सलाम करते. बाप करतो तोच खरा, असं तिला वाटतं. मी तिला सुधारत नाही, तू पण सुधारू नकोस.

साहेब माणूस चांगला निघाला. सगळं ऐकून घेतलं, हात नीट बघितला, मला बसायला सांगितलं. मग म्हणाला, हद्द आज नाही हे खरं, पण त्या दिवशी होती. त्या दिवशी तुम्ही आपल्या मनानं गेला असाल तर मोठं काम केलंत, पण मला पेन्शन देता येत नाही. वरिष्ठाच्या हुकमानं गेला असाल तर ती ड्यूटी, मग हद्द अलीकडं का पलीकडं हे विचारायचंच कारण नाही, त्याचा जाब हुकूम देणाऱ्यानं द्यायचा. तेव्हा सांगा, हुकूम होता का? दादा, तुझे दाजी कुणापुढं मान खाली घालत नाहीत. त्या दिवशी घातली. म्हणाले, न्हाई साहेब, मी माझ्या मनानं ग्येलो. आणि म्हणताना अडखळले. साहेबांना ते कळलं का नाही ठाऊक नाही, पण मला कळलं. साहेब म्हणाले, त्या वेळच्या हवालदारालाही विचारावं लागेल, दिवाळी झाल्यावर सोमवारी दोघांना समोरासमोर बोलावतो. एव्हाना तुझ्या हातात बोलावणं आलंच असेल.

येताना आगगाडीत मी त्यांना किती खोदून विचारलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी पण जिद्दीची, पण त्या माणसाच्या तोंडाचं कुलूप कुणाला निघालंय? ते कुलूप काढलं सुलाबाईनं. ही सुलाबाई माझ्या शेजारी कांड्या भरते. पूर्वेकडच्या दुष्काळी भागातली, मेंढरं गेली तशी पोट भरायला इकडं आली. वर्षभर आम्ही एकमेकींची भाजी खातोय आणि तिला माझा नवरा कोण हे माहीत नव्हतं, कारण मी कधी सांगितलं नाही. भाद्रपदात एके दिवशी मी भाकरी घरीच विसरले, दाजी घेऊन आले. डाव्या हातात फडकं, उजवा हात तसा वळलेला. सुलाबाईनं हाताकडं पाहिलं, तोंडाकडं पाहिलं आणि हातातली कांडी टाकून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्या शेडमधली ती एक. दाजी इतके गडबडले की भाकरी माझ्या हातात कोंबून निघूनच गेले.

मग तिनं मला सगळं सांगितलं, तिच्या पद्धतीनं. आगीचं सांगितलं, धुराचं सांगितलं, एका फटीला तोंड लावून कशा उभ्या होत्या ते सांगितलं. आणि मग हसायला लागली. म्हणाली, आवं बाई, फटीतनं मला वड्याच्या पल्याडचं दिसत हुतं. दोन पोलीस. एक आगीकडं बगतोय, एक त्याच्याकडं बगतोय. आन् त्यो दुसरा एकदम वरडला. नाव न्हाई, गाव न्हाई, आकडा वरडला! चारशे सतरा, पुढं हो, दार उगड! मी मनात म्हणलं, हितं आमी जळाय लागलोय आन् ह्यो बाबा आकडं काय मोजतोय? आन् त्यो पयला जो सुटला, त्यो थेट दारात. मी हसले नाही. माझ्या हातातलं सूत गुंत्यात गेलं आणि मी ते सोडवायचं विसरले.

त्या संध्याकाळी मी दाजींना वाढलं. दोन घास खाऊ दिले. मग त्यांच्या पाठीमागं गेले आणि तुझ्यासारखी छाती भरून ओरडले, चारशे सतरा! दादा, तो माणूस ताटावरून उभा राहिला. हातात भाकरीचा तुकडा, टाचा जुळलेल्या. अंबू टाळ्या पिटायला लागली. मी रडायला लागले. ते हळूच खाली बसले आणि मग बोलले. म्हणाले, मिरजेला पहिल्या दिवशी नाथा माझ्या उशाशी बसून लेकरासारखा रडत होता, म्हणत होता, मी साहेबाला सांगतो, हुकूम माझा होता. मीच त्याला अडवलं. संस्थानात शिपाई घातला म्हणून त्याची नोकरी त्याच दिवशी गेली असती. म्हटलं, माझा हात ग्येला त्यो ग्येला, आता तुझी भाकरी कशापायी घालवतोस? चंद्राबाईचं दुखणं, आई तुझ्याजवळ, ही ओली बाळंतीण तुझ्याच घरी. दोगंबी घरात बसून काय पुजा करायची हुती? म्हणून तो तसं बोलला. मी बोलायला लावलं. आणि मग मला म्हणाले, माला, साहेबापुढं तू नाथाचं नाव काढलंस तर तुला माझी शपथ आहे.

तर मी ती शपथ पाळणार आहे. साहेबांना मी अवाक्षर सांगणार नाही. सुलाबाई तयार आहे. म्हणते, मी येती की साताऱ्याला, आकडा जसाच्या तसा सांगती, मला काय कुणाच्या बाचं भ्या हाय? तिलाही मी नेणार नाही. तिनं सांगितलं तर दाजींना पेन्शन मिळेल, आणि तुझ्याकडं सगळे बोट दाखवतील की बाईमाणसानं ह्याला पकडून दिला. माझ्या भावाला कुणी पकडून दिलेला मला चालायचा नाही. त्यापेक्षा मी आणखी वीस वर्षं कांड्या भरीन.

पण मला एक सांग, तू लपवतोयस ते काय आहे? चोरी केलीस? कुणाची हत्या केलीस? अरे, तू हुकूम दिलास म्हणून त्या बायका आज जेवतात, भांडतात, माझ्या डब्यातली भाजी खातात. तुला वाटतं तू माझ्या नवऱ्याचा हात घेतलास. मला वाटतं, त्या दिवशी त्या मुलखात एकच माणूस शुद्धीवर होता, आणि तो माझा भाऊ. बंदुका सोडून तू जाऊ शकत नव्हतास. नियमाकडं बघत बसला असतास तर तुला कुणी नाव ठेवलं नसतं. नात्याकडं बघितलं असतंस तर बहिणीच्या कुंकवाला आगीत घातलंच नसतंस. तू दोन्हीकडं बघितलं नाहीस, दाराकडं बघितलंस. असला हुकूम तीन वर्षं पोटात दाबून ठेवतात होय? अशा हुकमाची फीत दंडावर लावून फिरतात. मी असते तर गावभर सांगत सुटले असते, आणि तू मला ओळखतोस, खरंच सांगत सुटले असते.

मी तुला खोटा धीर देत नाही. तुझी जमादारीची बढती तोंडावर आलीय हे मला आईच्या निरोपातून कळलं. आधी एक सांगितलं आणि आता दुसरं सांगितलं तर साहेब विचारणारच. जमादारी हुकेल, कदाचित हवालदारीची फीतही उतरेल. वहिनीला वाईट वाटेल, माझ्यावर चिडेलही, चिडू दे, मी तिचं ऐकून घेईन. पण दादा, नोकरी उद्या नाहीतर परवा संपतेच. तू दाजींच्या तोंडाकडं न बघता किती वर्षं काढणार? त्यांनी तुझ्यासाठी खोटं बोलायला शिकून घेतलं आणि अजून त्यांना ते नीट येत नाही. सोमवारी ते परत अडखळणार. मला ते दुसऱ्यांदा बघवणार नाही.

म्हणून हे पत्र. यंदा भाऊबीज रविवारी येतेय आणि चौकशी तिच्या दुसऱ्या दिवशी सोमवारी. तू मुराळी येशील म्हणून मी वाट बघत बसणार नाही. मीच येतेय, नवरा, पोरगी आणि ओवाळणीचं ताट घेऊन, रविवारी दुपारच्या गाडीनं. दाजींना मी आईला बघायला जायचं आहे एवढंच सांगितलंय, या पत्राचं त्यांना काही माहीत नाही. पाट मांडून ठेव. तेल, उटणं, नारळ मी आणते. मी तुला ओवाळीन, अंबू तुला डाव्या हातानं सलाम करेल, आणि तू ताटात काही टाकायचं नाहीस. लुगडं नको, बंदा रुपया नको. माझी ओवाळणी तू सोमवारी घालायची, साहेबांच्या समोर. लग्नात तू माझ्या नवऱ्याचा कान पिळलास, मी तुझा कान पिळायला इतकी वर्षं थांबले, तेवढा माझा हक्क आहे. मी ट्रंकेतल्या तीन लुगड्यांतलं पहिलं, हिरवं, नेसून कचेरीच्या दाराबाहेर बाकावर बसलेली असेन. तुला लांबलचक काही बोलावं लागणार नाही. साहेबांनी विचारलं, हुकूम दिला होता का, की तू फक्त छाती भरून त्या दिवशीसारखी हाक मार, चारशे सतरा, पुढं हो. दाजींचे पाय त्यांना विचारणार नाहीत. ते पुढं होतील. साहेबांना बाकीचं आपोआप कळेल, आणि बाहेर बाकावर मला ऐकू आलं की माझी भाऊबीज झाली.

तुझ्या हाकेची वाट बघणारी,
तुझीच धाकटी बहीण,
माला